श्टुटगार्टच्या नगरचिन्हातील काळा घोडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी असलेल्या श्टुटगार्ट शहराचे नगरचिन्ह नगरपालिकेच्या कागदपत्रांपासून मोटारींच्या बोधचिन्हापर्यंत अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे त्याच्याविषयी खऱ्या माहितीइतक्याच दंतकथाही पसरल्या आहेत. शिक्षण किंवा नोकरीच्या निमित्ताने तेथे राहणाऱ्या आणि युरोपीय चिन्हशास्त्राची आवड असणाऱ्या मराठी वाचकांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

या नगरचिन्हात नेमके काय आहे?

सोनेरी ढालीवर मागच्या पायांवर उसळलेला एक काळा घोडा, एवढेच. त्यात मुकुट, शिरस्त्राण, ढालीला दोन्ही बाजूंनी धरणारे प्राणी किंवा ब्रीदवाक्य यांपैकी काहीही नाही. छपाईत सोनेरी रंगाऐवजी पिवळा वापरला तरी चिन्ह बदलत नाही, कारण चिन्हशास्त्रात पिवळा आणि सोनेरी हे एकच मानले जातात. स्थानिक लोक या घोड्याला स्वाबियन बोलीत लाडाने ‘र्‍योस्ले’, म्हणजे छोटा घोडा, असे म्हणतात.

शहराच्या चिन्हात घोडाच का?

शहराच्या नावात घोडा आहे म्हणून. ‘श्टुओटगार्टन’ या जुन्या जर्मन शब्दाचा अर्थ घोड्यांच्या पैदाशीचे कुंपणबंद आवार असा होतो आणि त्यावरूनच श्टुटगार्ट हे नाव आले. ज्या चिन्हातून गावाचे किंवा घराण्याचे नाव थेट उच्चारले जाते, त्याला जर्मन चिन्हशास्त्रात ‘बोलके चिन्ह’ म्हणतात. अशी चिन्हे जर्मनीत ठिकठिकाणी आढळतात. म्युनिकच्या नावात साधू आहेत म्हणून तेथील चिन्हात साधू आहे, तर बर्लिनच्या चिन्हात अस्वल आहे, कारण जर्मन भाषेत अस्वलाला ‘बेअर’ म्हणतात आणि त्या शब्दाचा ध्वनी शहराच्या नावाशी जुळतो. बर्लिन हे नाव अस्वलावरून आलेले नाही, पण बोलक्या चिन्हाला तेवढी काटेकोर व्युत्पत्ती लागतही नाही. श्टुटगार्टच्या बाबतीत मात्र ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात, आणि ही गोष्ट वाटते तितकी सर्रास आढळणारी नाही.

घोडा म्हणजे वेग, सामर्थ्य, प्रगती किंवा मोटार उद्योगातील घोडदौड, असे अर्थ पर्यटकांसाठीच्या लेखनात हमखास लावले जातात. मध्ययुगातील ज्या नगरवासीयांनी हे चित्र आपल्या मुद्रेवर कोरून घेतले, त्यांना त्यातून कोणताही सद्गुण सांगायचा नव्हता. ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत, त्यालाही दस्तऐवज कोणत्या गावाचा आहे हे पाहताक्षणी कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. उरलेले सारे अर्थ मागाहून चिकटले आहेत.

तेथे खरोखर घोड्यांची पैदास होत असे का?

परंपरेने सांगितली जाणारी हकिगत अशी, की स्वाबियाचा ड्यूक लिउडोल्फ याने इ. स. 950 च्या सुमारास नेझेनबाख ओढ्याच्या खोऱ्यात घोड्यांच्या पैदाशीची पागा उभारली. लिउडोल्फ हा राजा पहिला ऑटो याचा मुलगा होता आणि 950 ते 954 या काळात ड्यूकपदावर होता. मध्य युरोपावर त्या काळी माग्यार घोडेस्वारांच्या धाडी पडत होत्या. 955 मध्ये लेखफेल्डच्या लढाईत ऑटोने त्यांचा निर्णायक पराभव केला. अशा काळात घोडदळासाठी घोडे तयार करण्याची सोय आवश्यक होती, त्यामुळे ही हकिगत तिच्या काळाशी सुसंगत आहे.

तरीही दोन गोष्टींमध्ये फरक करणे योग्य ठरेल. येथे पागा होती, हे गावाच्या नावावरूनच स्पष्ट होते. ती लिउडोल्फनेच आणि त्याच सुमारास उभारली, हा भाग परंपरेचा आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. श्टुटगार्टचा निःसंदिग्ध लेखी उल्लेख 1229 सालच्या, पोप नववा ग्रेगरी याच्या एका दस्तऐवजात येतो, म्हणजे लिउडोल्फनंतर पावणेतीनशे वर्षांनी. ज्या परिसरात ही पागा होती असे मानतात, तेथे आज ‘आल्टेस श्लॉस’ हा जुना राजवाडा असून त्यात राज्याचे वस्तुसंग्रहालय आहे.

घोड्यांच्या पैदाशीची परंपरा या प्रदेशात आजही टिकून आहे, मात्र ती शहरात नाही. स्वाबियन आल्प डोंगररांगेतील मारबाख येथे सरकारी अश्वपैदास केंद्र आहे. व्युर्टेम्बर्गचा राजा पहिला विल्हेल्म याने 1817 मध्ये वाइल येथे अरबी घोड्यांची खासगी पागा सुरू केली होती, आणि त्या वंशाचे घोडे 1932 मध्ये याच मारबाख केंद्राकडे आले.

या चिन्हाचे सर्वांत जुने रूप कोणते?

1312 सालच्या नगरमुद्रेवरचे. आजच्या चिन्हाची सवय असलेल्या माणसाने ही मुद्रा पाहिली, तर ती याच शहराची आहे हे त्याच्या चटकन लक्षात येणार नाही. खाली निमुळत्या होत गेलेल्या त्रिकोणी ढालीवर तीत दोन घोडे आहेत. त्यांपैकी एक मोठा असून दुसरा लहान आहे, आणि दोघेही शांतपणे चालत आहेत. आजच्या घोड्याचा आवेश त्यांच्यात कुठेही नाही. पैदाशीच्या पागेचे चित्र म्हणून विचार केला तर ही जोडी अधिक समर्पक वाटते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते श्टुटगार्टच्या सगळ्या रूपांमध्ये अर्थाच्या दृष्टीने हेच सर्वांत नेमके आहे.

1433 सालच्या मुद्रेवर चित्र बदललेले दिसते. तेथे एकच घोडा असून तो चौखूर धावतो आहे, आणि ढालीचा तळही टोकदार न राहता अर्धगोल झाला आहे. पुढच्या शतकांत हा घोडा कधी चालताना, कधी धावताना, तर कधी उडी घेताना काढला गेला.

या बदलांमुळे चिन्हाची परंपरा खंडित झाली असे समजण्याचे कारण नाही. मध्ययुगीन शहराचे व्यवहार मुद्रेवर चालत. करार, कर्जरोखा किंवा न्यायनिवाडा यांवर शिक्कामोर्तब झाल्याशिवाय त्याला किंमत नसे, आणि मुद्रा झिजली किंवा हरवली की नवी कोरावी लागे. प्रत्येक नवा कोरक्या आपल्या काळाच्या शैलीप्रमाणे घोडा कोरत असे. शिवाय चिन्हशास्त्रात चिन्हाची ओळख ठरते ती त्याच्या शब्दांतील वर्णनावरून. ‘सोनेरी ढालीवर उसळलेला काळा घोडा’ हे वर्णन ज्या चित्राला लागू पडते, ते चित्र श्टुटगार्टचे. आयाळ किती दाट काढायची आणि शेपटीला किती वळणे द्यायची, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य चित्रकाराला असते.

काळा आणि सोनेरी हे रंग पहिल्यापासून होते का?

नाही. मुद्रा मेणावर उमटत असल्यामुळे तिच्यावरून रंग कळत नाहीत. श्टुटगार्टच्या चिन्हाचे सर्वांत जुने ज्ञात रंगीत चित्र 1446 सालचे आहे आणि त्यात लाल ढालीवर रुपेरी घोडा आहे. आज लोअर सॅक्सनी राज्याचे चिन्ह लाल ढालीवरील पांढऱ्या घोड्याचे आहे. त्यामुळे श्टुटगार्टने जुनी जोडी कायम ठेवली असती, तर ही दोन चिन्हे ओळखताना आज बराच गोंधळ झाला असता. सोनेरी ढालीवरचा काळा घोडा पहिल्यांदा दिसतो तो 1699 मध्ये.

काळा आणि सोनेरी ही जोडी या प्रदेशाला परकी नव्हती. श्टुटगार्ट ज्यांची राजधानी होती, त्या व्युर्टेम्बर्ग घराण्याच्या चिन्हात सोनेरी ढालीवर सांबरशिंगांच्या तीन काळ्या फांद्या एकाखाली एक आडव्या मांडलेल्या असत. त्याआधी स्वाबियावर राज्य केलेल्या होहेनश्टाउफेन घराण्याच्या नावाशी जोडलेले तीन काळे सिंहही सोनेरी ढालीवरच आहेत, आणि आज तेच सिंह बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या चिन्हात दिसतात. शहर, राजघराणे आणि राज्य या तिघांची चिन्हे शेजारी ठेवून पाहिली, की रंगांचे हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शहराचे अधिकृत रंग काळा आणि पिवळा हे एकोणिसाव्या शतकात ठरले. शहराच्या ध्वजावर या दोन रंगांचे आडवे पट्टे आहेत.

सोनेरी म्हणजे औदार्य आणि काळा म्हणजे स्थैर्य, हे खरे आहे का?

अशी कोष्टके इंटरनेटवर मुबलक आहेत आणि जवळजवळ प्रत्येक कोष्टक वेगळे आहे. एकात काळा म्हणजे दुःख, दुसऱ्यात शहाणपण, तिसऱ्यात दृढनिश्चय. चिन्हे सद्गुणांशी जोडण्याची हौस जुन्या ग्रंथकारांनाही होती, परंतु श्टुटगार्टच्या नगरवासीयांनी असे कोष्टक समोर ठेवून रंग निवडले, असे मानण्यास आधार नाही.

रंगनिवडीमागे एक व्यावहारिक नियम मात्र निश्चित आहे. चिन्हशास्त्रात सोनेरी आणि रुपेरी यांना ‘धातू’ म्हणतात, तर लाल, निळा, काळा आणि हिरवा यांना ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये, असा संकेत आहे, कारण रणांगणावर किंवा स्पर्धेच्या मैदानावर चिन्ह दुरूनही ओळखू यायला हवे. या कसोटीवर श्टुटगार्टची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे उतरतात. लालवर रुपेरी म्हणजे रंगावर धातू, आणि सोनेरीवर काळा म्हणजे धातूवर रंग. सोनेरीवर काळा ही तर डोळ्यांना सर्वांत ठळक दिसणाऱ्या जोड्यांपैकी एक आहे.

जुन्या कोरीव पुस्तकांत हे चिन्ह ठिपक्यांनी भरलेल्या ढालीवर उभ्याआडव्या रेषांच्या जाळीतून काढलेल्या घोड्याच्या रूपात दिसले, तर ती सजावट समजू नये. रंगीत छपाई नव्हती तेव्हा रंग सुचवण्यासाठी सतराव्या शतकापासून ही पद्धत रूढ झाली. ठिपके म्हणजे सोनेरी, जाळी म्हणजे काळा, नुसत्या उभ्या रेषा म्हणजे लाल आणि आडव्या रेषा म्हणजे निळा. कोरी ढाल रुपेरी समजावी.

घोड्याचे तोंड डावीकडे का आहे?

आपल्याला ते डावीकडे दिसते, पण चिन्हशास्त्राच्या भाषेत ते उजवीकडे आहे. ढालीची उजवी-डावी बाजू ती हातात धरणाऱ्या योद्ध्याच्या दृष्टीने मोजतात, पाहणाऱ्याच्या नव्हे. त्याची उजवी बाजू मानाची समजली जाते, आणि वेगळे काही नमूद केले नसेल तर प्राणी त्याच बाजूला तोंड करून काढतात.

हा घोडा आहे की घोडी?

नाव पैदाशीच्या पागेवरून आलेले असल्यामुळे येथे घोडीच हवी, असा युक्तिवाद केला जातो आणि तो अगदी निराधार नाही. चिन्हाच्या वर्णनात मात्र लिंगाचा उल्लेख नाही. जर्मन भाषेतील ‘फेर्ट’ हा घोड्यासाठीचा शब्द नपुंसकलिंगी असून नर आणि मादी या दोघांनाही लागू होतो. मराठीत ‘घोडा’ म्हणताच नर डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक टोचतो.

सध्याचे रूप कधी अधिकृत झाले? त्यावर नाझी राजवटीची छाप आहे का?

सध्याचे चिन्ह आणि ध्वज 1938 मध्ये अधिकृतपणे निश्चित झाले. साल वाचून शंका येणे स्वाभाविक आहे, कारण त्या राजवटीने काही शहरांच्या चिन्हांत खरोखरच हस्तक्षेप केला होता. बव्हेरियातील कोबुर्ग शहराच्या चिन्हात संत मॉरिस यांचे कृष्णवर्णीय मस्तक होते. 1934 मध्ये ते काढून त्या जागी स्वस्तिक असलेली तलवार बसवण्यात आली आणि 1945 मध्ये जुने चिन्ह परत आणण्यात आले. श्टुटगार्टच्या बाबतीत तसे झाले नाही. 1938 मध्ये ठरवले गेलेले चित्र 1699 पासून ज्ञात असलेलेच होते आणि त्यात राजवटीचे कोणतेही चिन्ह घुसवले गेले नाही. त्यामुळे युद्धानंतरही ते बदलावे लागले नाही.

पोर्शेच्या मोटारींवर दिसतो तो हाच घोडा आहे का?

होय. 1952 मध्ये तयार झालेल्या पोर्शेच्या बोधचिन्हात मध्यभागी छोट्या सोनेरी ढालीवर श्टुटगार्टचा काळा घोडा आहे आणि त्याच्यावर शहराचे नाव लिहिलेले आहे. कंपनीचे मुख्यालय शहराच्या त्सुफेनहाउझेन विभागात आहे. मागच्या मोठ्या ढालीचे चार भाग केलेले असून त्यांपैकी दोन भागांत व्युर्टेम्बर्गची सांबरशिंगे आहेत, तर उरलेल्या दोन भागांत लाल आणि काळे पट्टे आहेत. हे दोन्ही घटक व्युर्टेम्बर्ग या जुन्या राज्याकडून आले आहेत. म्हणजे एका मोटारीच्या नाकावर शहर आणि राज्य अशी दोन चिन्हे एकत्र नांदतात. शिंगेही श्टुटगार्टच्या नगरचिन्हात आहेत असा जो समज पसरला आहे, त्याचे मूळ येथेच असावे.

या गैरसमजात फुटबॉलनेही भर घातली आहे. ‘व्हीएफबी श्टुटगार्ट’ या प्रसिद्ध क्लबच्या चिन्हावर सोनेरी पार्श्वभूमीवर तीन काळी शिंगे आहेत, घोडा नाही. क्लबच्या नावात शहर असले तरी त्याच्या छातीवर आहे ते राजघराण्याचे चिन्ह.

मग फेरारीचा घोडाही श्टुटगार्टचाच, हे खरे का?

ही कथा इतकी आकर्षक आहे, की ती खोडून काढणाऱ्यालाच लोक नाराजीने पाहतात. पहिल्या महायुद्धातील इटालियन वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या विमानावर उसळता घोडा रंगवलेला असे. 1918 मध्ये तो मारला गेला. पुढे 1923 मध्ये त्याच्या आईने हे चिन्ह शुभशकुन म्हणून वापरण्याचे एन्झो फेरारी यांना सुचवले, असे स्वतः फेरारी सांगत असत. मोडेना शहराचा पिवळा रंग त्यांनी पार्श्वभूमीसाठी घेतला. येथपर्यंत वाद नाही.

बाराक्काने पाडलेल्या एका जर्मन विमानावर श्टुटगार्टचा घोडा होता आणि तोच त्याने विजयाची खूण म्हणून उचलला, ही यापुढची जोड आहे. बाराक्का मुळात घोडदळातला अधिकारी होता, आणि त्याच्या ‘पिएमोंते रेआले’ पलटणीच्या चिन्हातच लाल पार्श्वभूमीवर उसळता रुपेरी घोडा होता. घरचाच घोडा हाताशी असताना शत्रूचा उसना घेतला असे मानण्यासाठी भक्कम पुरावा हवा, आणि या कथेच्या मागे तो उभा नाही. पिवळ्यावर काळा घोडा हे साम्य डोळ्यांत भरणारे असले, तरी दोन्हीकडचा पिवळा वेगवेगळ्या शहरांतून आला आहे.

मर्सिडीजचा तारा या चिन्हाशी संबंधित आहे का?

नाही. तीन टोकांचा तो तारा जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी चालणाऱ्या इंजिनांचा निर्देशक मानला जातो आणि त्याची नोंदणी 1909 मधली आहे.

शहरात विलीन झालेल्या गावांच्या जुन्या चिन्हांचे काय झाले?

श्टुटगार्टमध्ये आज 23 विभाग आहेत आणि त्यांपैकी कित्येक पूर्वी स्वतंत्र गावे किंवा शहरे होती. स्वतंत्र नगरपालिका संपली, की तिच्या चिन्हाचा अधिकृत दर्जाही संपतो. लोकांच्या मनातून मात्र ते जात नाही. 1905 मध्ये विलीन झालेले कानश्टाट हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या चिन्हात सुरई आहे, कारण सुरईला जर्मन भाषेत ‘काने’ म्हणतात. म्हणजे हेही बोलके चिन्हच. कानश्टाटचे रहिवासी आपली वस्ती श्टुटगार्टपेक्षा जुनी असल्याचे आवर्जून सांगतात. तेथे रोमन काळात लष्करी छावणी होती, त्यामुळे हा अभिमान पोकळ नाही.

या चिन्हात ब्रीदवाक्य का नाही?

जर्मन शहरांच्या चिन्हांत ते सहसा नसतेच. याच राज्यातील कार्ल्सरूहे शहराच्या चिन्हावर तिरप्या पट्ट्यात ‘निष्ठा’ या अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे, पण तो अपवाद. मुंबई महानगरपालिकेच्या बोधचिन्हातील ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन पाहत मोठे झालेल्या वाचकाला ही उणीव वाटू शकते. ब्रीदवाक्ये वापरण्याचा सोस ब्रिटिश परंपरेत अधिक आहे, आणि आपल्याकडील संस्थांच्या बोधचिन्हांनी तो तेथूनच घेतला.

मुंबईच्या ‘काळा घोडा’शी याचा काही संबंध आहे का?

चिन्हांचा संबंध नाही, शहरांचा आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरे आहेत. त्यामुळे दोन्हीकडच्या काळ्या घोड्यांची सांगड घालण्याचा मोह होतो, पण तो योगायोगच आहे. मुंबईतील त्या परिसराचे नाव एकोणिसाव्या शतकात आल्बर्ट ससून यांनी दिलेल्या, सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. 1965 मध्ये तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. घोडा गेल्यावरही नाव टिकले, आणि 2017 मध्ये तेथे स्वाराविना असलेला नवा काळा घोडा उभा राहिला. जर्मन संस्कृतीचे केंद्र असलेले मॅक्स म्युलर भवनही याच परिसरात आहे.

आमच्या मंडळाच्या पत्रिकेवर किंवा टी-शर्टवर हा घोडा छापता येईल का?

परवानगीशिवाय छापू नये. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या नगरपालिका कायद्याने प्रत्येक गावाला स्वतःच्या चिन्हाचा हक्क दिलेला आहे. शिवाय जर्मन न्यायालये नगरचिन्हाला नावासारखेच संरक्षण देतात, आणि हे संरक्षण नागरी संहितेच्या कलम 12 मधील नावाच्या हक्कावर आधारलेले आहे. चिन्ह कितीही जुने असले, तरी ते सर्वांना खुले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पत्रिकेवर ते पाहून कार्यक्रम नगरपालिकेचा किंवा तिच्या पाठिंब्याचा आहे असा समज होऊ शकतो, आणि आक्षेप येतो तो नेमका याच मुद्द्यावर.

गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या कार्यक्रमासाठी चिन्ह वापरायचेच असेल, तर नगरपालिकेकडे लेखी विनंती करावी. विनंतीसोबत छापायचा नमुना जोडावा आणि वापर किती काळासाठी व कोणत्या कारणासाठी आहे ते स्पष्ट लिहावे. चिन्हाविषयी माहिती देणाऱ्या लेखात ते दाखवणे आणि स्वतःच्या कार्यक्रमाची ओळख म्हणून ते मिरवणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता घोडाच हवा असेल, तर वेगळ्या रंगाचा आणि ढालीविना काढलेला घोडा कोणालाही विचारल्याशिवाय वापरता येतो.